रक्तातलं आणि ताटातलं : भंडाऱ्याचे दोन धडे

माणूस निरोगी राहून म्हातारा होतो, तो रक्तामुळे की राहणीमुळे? डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जुळ्या जोड्यांचा अभ्यास झाला. १९९६ साली त्याचा निष्कर्ष आला : आयुर्मानातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा आनुवंशिकतेचा. पण ही झाली सरासरी. आपल्या भंडाऱ्यात ती कशी लागू पडते, ते पाहू.

पहिला धडा सिकलसेलचा. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. हा जनुक पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून उत्तर दिलं : आई किंवा वडील, एकाकडूनच तो आला, तर जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. दोघांकडून आला, की आजार. आता आपल्याकडच्या धानाच्या बांध्या, मामा तलाव, जंगल डोळ्यांसमोर आणा. मलेरियाच्या मुलखात ज्यानं लेकरं वाचवली, त्यानंच काहींचं आयुष्य तोडलं. म्हणजे जनुक चांगला की वाईट, हे परिस्थिती ठरवते.

दुसरा धडा लाखोरीचा. धान उभं असतानाच ओल्या बांधीत उतेरा पद्धतीनं टाकलेलं हे पीक. पाणी नसलं तरी येतं, म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तेवढंच उरायचं. स्लीमन यांनी १८४४ साली सागर भागातलं वर्णन लिहून ठेवलंय : पिकं बुडाली, लोकांनी लाखच खाल्ली, आणि धडधाकट तरुणांचे पाय कायमचे लुळे पडले. इथे रक्ताचा दोष नव्हता. मिसळीच्या जेवणात थोडी डाळ असणं वेगळं आणि महिनोन् महिने तीच खाणं वेगळं. भिजवून, उकळून पाणी फेकलं की तिच्यातलं विष कमी होतं. पण ज्याच्या घरी दुसरं धान्यच नाही, त्याला 'राहणी बदल' म्हणून काय सांगणार?

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. रक्त आपण निवडत नाही आणि गरीब माणूस ताटही निवडत नाही. पण रक्ततपासणी, लसी, हायड्रॉक्सीयुरिया, भरपूर पाणी यांनी सिकलसेलच्या रुग्णाचं आयुष्य वाढतं. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के, हे लग्नाआधी कळलेलं बरं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे. दीर्घायुष्य नुसतं घराण्यात नसतं. गाव काय पिकवतं, काय खातं आणि दवाखाना किती जवळ आहे, यातही असतं.