टेपेत न मावणारा माणूस

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉलचे संघचालक तीत 'आणि नवखा खेळाडू पाहावा निवडून' एवढी भर आनंदाने घालतील. वधूवरांच्या पत्रिका आपण जितक्या बारकाईने पाहत नाही, तितक्या बारकाईने ते पोराची उंची, वजन, हातांची लांबी आणि चाळीस यार्ड धावण्याचा वेळ पाहतात. आणि इतके पाहूनही, स्थळ जसे कधी कधी हातचे जाते, तसा हिराही हातचा जातो!

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा पायांनी चेंडू लाथाडण्याचा खेळ नव्हे. तेथे चेंडू बहुधा हातातच असतो आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, असा मुख्य झगडा असतो. अडवणाऱ्या संघाची आघाडी धिप्पाड गड्यांची. त्यांच्या पाठीशी जो उभा असतो तो लाइनबॅकर. समोरचा गडी चेंडू घेऊन घुसला तर त्याला लोळवायचे. चेंडू फेकला तर त्याच क्षणी वळून मागे धावायचे. पहाऱ्यावरचा शिपाई आणि किल्लेदार, दोन्ही भूमिका एकाच्याच माथी.

अशा खेळाडूंची निवड पूर्वी मोठ्या भोळेपणाने होई. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून 1936 साली पहिली 'ड्राफ्ट' नावाची वाटणी झाली. जो संघ सर्वांत दुबळा त्याने आधी निवडावे, हा तिचा न्याय. फळ्यावर नव्वद नावे लिहिलेली होती. माहिती बरीचशी वर्तमानपत्रांतली. पहिला मान मिळालेला जे बरवँगर धंदेवाईक सामना कधी खेळलाच नाही! पुढे 1946 साली लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने एडी कोटल यांना पूर्णवेळ याच कामावर नेमले, आणि गावोगाव हिंडून पोरे हेरण्याचा धंदा उभा राहिला.

या इतिहासात एक आपला माणूसही आहे, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. 1960 नंतरच्या दशकात डॅलसच्या काउबॉइज संघाने ही पारख संगणकावर सोपवायचे ठरवले. ते काम सलाम कुरेशी या भारतात जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञाकडे आले. कुरेशींना ठाऊक क्रिकेट. या फुटबॉलचा त्यांना गंधही नव्हता. त्यांनी प्रशिक्षकांना प्रश्न विचारून विचारून गुणांची गर्दी चाळली आणि शेवटी पाच गुण उरवले: चारित्र्य, चपळाई व शरीरावरचा ताबा, चुरस, बुद्धीची तल्लखी आणि शक्तीचा जोर. पाहा, यांतले तीन तरी टेपेने वा घड्याळाने मोजता येत नाहीत.

पण माणसाला टेपेचा मोह सुटत नाही. 1981 सालच्या वाटणीत तीनशेहून अधिक नावे पुकारली गेली. सॅम मिल्स हे नाव त्यांत नव्हते. न्यू जर्सीतील माँटक्लेअर स्टेट या लहानशा महाविद्यालयाकडून खेळताना या लाइनबॅकरने 501 वेळा प्रतिस्पर्ध्याला लोळवले होते. दोष एकच, उंची पाच फूट नऊ इंच. आघाडीच्या राक्षसांवरून याला दिसणार काय, आणि उंच फेकलेला चेंडू हा अडवणार कसा, ही पारख्यांची शंका अगदीच खुळी नव्हती. क्लीव्हलंडच्या ब्राउन्सनी त्याला शिबिरात घेऊन परत पाठवले. पुढच्या वर्षी कॅनडात टोरँटोनेही तेच केले. मिल्स गावाकडे परतला आणि एका हायस्कुलात मुलांना छायाचित्रण व सुतारकाम शिकवू लागला.

1983 साली यू.एस.एफ.एल. हा नवा संघसमूह निघाला. फिलाडेल्फिया स्टार्सचे प्रशिक्षक जिम मोरा यांनी या बुटक्या मास्तराला मैदानात उतरवून पाहिले. तेव्हा लक्षात आले की उंचीचा तोटा हाच त्याचा फायदा आहे. दोन शरीरे भिडली की ज्याचा खांदा खाली त्याचा जोर वर, हे आपल्या तालमीतला कोणताही वस्ताद सांगेल. त्यातून डाव कोणता पडणार हे मिल्स आधीच ओळखी. स्टार्सनी 1984 आणि 1985 अशी दोन विजेतेपदे मिळवली. 1986 साली मोरा न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सकडे गेले, ते मिल्सला बरोबर घेऊनच. ज्या संघाला 1967 पासून एकही वर्ष विजयांचे पारडे जड ठेवता आले नव्हते, त्याने 1987 साली पंधरापैकी बारा सामने जिंकले. सोबती मिल्सला कौतुकाने 'शेतातला उंदीर' म्हणत. 1992 च्या हंगामानंतर सेंट्सचे चारही लाइनबॅकर निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले; उंदीर त्यांत होताच. पुढे 1995 साली नव्याने निघालेल्या कॅरोलायना पँथर्सकडे तो गेला आणि सदतिसाव्या वर्षी पाचव्यांदा हा मान मिळवून बसला.

2003 साली, प्रशिक्षक असताना, त्याला आतड्याचा कर्करोग झाला. जानेवारी 2004 मध्ये डॅलसशी बाद फेरीचा सामना होता. मिल्स खेळाडूंपुढे उभा राहिला. रोग कळला तेव्हा दोन वाटा होत्या, सोडून देणे किंवा घाव घालीत राहणे. आपण दुसरी धरली, अशा अर्थाचे तो बोलला. पँथर्स तो सामना जिंकले आणि त्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत पोचले. एप्रिल 2005 मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मिल्स गेला.

खेळातील सर्वोच्च कीर्तिमंदिरात त्याला 2022 साली स्थान मिळाले. नेहमीच्या यादीत पात्र असण्याचे त्याचे ते विसावे आणि अखेरचे वर्ष होते. पारख्यांच्या घड्याळाला त्याचे मोल कळायला एवढा वेळ लागला. शार्लट येथील मैदानाबाहेर त्याचा पुतळा मात्र त्याच्या हयातीतच उभा राहिला होता. त्याच्यासमोर उभे राहणाऱ्या माणसाला वर मान करूनच पाहावे लागते.