आधी कोणाचे देणे? मंदीच्या काळातील गिरणगावचा घरखर्च

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि तेथून जागतिक महामंदी सुरू झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु मुंबईच्या गिरणगावापुरते, म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, चिंचपोकळी, डिलाईल रोड आणि वरळी या गिरण्यांनी वेढलेल्या वस्तीपुरते बोलायचे, तर मंदी त्याआधीच दाराशी येऊन बसली होती. पहिल्या महायुद्धातील तेजी १९२२ च्या सुमारास ओसरली, जपानी कापडाची स्पर्धा वाढली, १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केल्यावर मोठा संप झाला आणि १९२८ च्या सार्वत्रिक संपात गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद राहिल्या. महामंदी आली ती अशा रीतीने आधीच खंगलेल्या घरांवर. त्या घरांनी कोणता खर्च चालू ठेवला, कोणता पुढे ढकलला आणि कोणता बंद केला, याचा शोध घेतला असता एक गोष्ट ठळकपणे दिसते : खर्चाचा क्रम ठरवताना पोटाच्या गरजेइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, वजन उधारीची पत आणि नाती टिकवण्याला दिले जात होते, कारण पुढच्या बेकारीत घर जगणार होते ते त्यांच्याच आधाराने.

या शोधाची मुख्य साधने म्हणजे मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने केलेल्या दोन पाहण्या. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या कचेरीने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले आणि त्यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला; दुसरी पाहणी ऐन मंदीत, १९३२-३३ मध्ये झाली. कुटुंबाची मिळकत, माणसांची संख्या आणि महिन्याचा खर्च ठरावीक सदरांत मांडून घेण्याच्या या पद्धतीला कौटुंबिक अंदाजपत्रकाची पाहणी म्हणत. दोन्ही वेळी कुटुंबांची निवड एकाच रीतीने झालेली नव्हती आणि पाहणीत आलेली घरे मुख्यतः कमावत्या माणसांची होती, त्यामुळे पूर्ण बेकार झालेल्यांचे हाल या कोष्टकांत फारसे उमटत नाहीत. या मर्यादा मान्य करूनही दोन्ही पाहण्या शेजारी ठेवल्या की मंदीने घराची घडी कशी बदलली हे बरेच स्पष्ट होते.

पहिल्या पाहणीत सरासरी कुटुंबाची मासिक मिळकत सुमारे ५२ रुपये होती आणि खर्चाचे वाटे असे होते : अन्न ५६.८ टक्के, जळण व दिवाबत्ती ७.४, कपडे ९.६, घरभाडे ७.७ आणि इतर खर्च १८.५. दुसऱ्या पाहणीत मिळकत सुमारे ५० रुपये भरली, पण अन्नाचा वाटा ४६.६ टक्क्यांवर आला, कपड्यांचा ७.७५ वर उतरला, घरभाड्याचा १२.८१ वर चढला आणि इतर खर्चाचा २५.६ झाला. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एंगेल याच्या नियमानुसार अन्नाचा वाटा घटणे हे कुटुंब सुधारल्याचे लक्षण मानले जाते. येथे मात्र मिळकत वाढलेली नव्हती, धान्य स्वस्त झाले होते. १९२९ ते १९३३ या काळात मुंबईच्या कामगारांचा राहणीखर्च सुमारे ३० टक्क्यांनी उतरला, आणि ज्याची नोकरी व मजुरी शाबूत राहिली त्याच्या पदरात १९३३-३४ ची मजुरीकपात येईपर्यंत या स्वस्ताईचा थोडा लाभही पडला. खरा प्रश्न असा आहे की अन्नावर वाचलेले हे पैसे गेले कोठे.

त्यांचा एक भाग घरभाड्याने खाल्ला. सगळी मिळकत खर्च होते असे धरून टक्केवारी रुपयांत उतरवली तर दहा-अकरा वर्षांत भाडे सुमारे ४ रुपयांवरून ६ रुपये ६ आण्यांच्या आसपास गेलेले दिसते, म्हणजे तांदूळ, बाजरी आणि कापड उतरत असताना खोलीचे भाडे मात्र उतरले नाही. पहिल्या पाहणीतील ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती, त्यामुळे याहून लहान जागेत जाऊन बचत करण्याची सोयच नव्हती. सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी सुरुवातीच्या काळात मोठ्या प्रमाणावर रिकाम्या पडल्या, कारण त्यांचे भाडे कामगाराला पेलत नव्हते आणि काही चाळी गिरणीपासून दूर होत्या. भाडे थकवले तर खोली जाई आणि खोलीबरोबर शेजार, वाण्याकडचे खाते आणि नोकरीची बातमी कळण्याची जागाही जाई. म्हणून भाडे थकवण्यापेक्षा ते वाटून घेण्याची युक्ती केली जाई, पोटभाडेकरू ठेवला जाई किंवा गावाकडचे दोन-चार पुरुष सोबत घेऊन एकाच खोलीचा भार विभागला जाई.

अन्नाच्या बाबतीत घराची निवड वाण्याच्या वहीशी बांधलेली होती. गिरणीचा पगार महिन्याने होई आणि तोही महिना उलटून दहा-बारा दिवसांनी हाती पडे, त्यामुळे नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिला पगार मिळेपर्यंत सुमारे सहा आठवडे उधारीवर काढावे लागत आणि पुढे ती उधारी कायमची होऊन बसे. पगाराच्या दिवशी मागील बाकी चुकती केली तरच पुढचा महिना तांदूळ, डाळ, मीठ, मिरची आणि घासलेट मिळणार, हे ठरलेले असल्याने रोखीने दुसरीकडे स्वस्त माल मिळत असतानाही वाण्याचे खाते मोडणे परवडत नसे. कोकणातल्या घरात भात आणि घाटावरच्या घरात बाजरी-ज्वारीची भाकरी हा पाया टिकून राही. काट बसे ती दूध, तूप, भाजी आणि मासळी यांना. शिरास यांच्या अहवालाने तर असे नोंदवले होते की कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमावलीतील कमाल प्रमाणाएवढे असले तरी तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या आहारापेक्षा कमी होते. मंदीतल्या स्वस्ताईने ही तूट काहीशी भरून निघाली असेल, पण ती भरून काढणे हा घराचा पहिला हेतू नव्हता.

वाचलेल्या पैशांची मोठी वाट इतर खर्चाच्या सदरातून जाते. टक्केवारीवरून तसाच हिशेब केला तर हा खर्च महिना ९ रुपये ११ आण्यांवरून जवळजवळ १२ रुपये १३ आण्यांवर गेला. न्हावी, साबण, पान-तंबाखू, विडी, औषध, दारू यांच्या जोडीला गावी जाण्यायेण्याचे भाडे, गावाकडच्या माणसांना पाठवलेली रक्कम आणि कर्जावरचे व्याज हेही याच सदरात येई. चैन आणि जबाबदारी एकाच ओळीत बसवल्यामुळे कामगार उधळा असल्याचा समज सुधारकांत व मालकांत सहज पसरला. प्रत्यक्षात या सदरातली सर्वांत चिवट कलमे घराला पुढच्या संकटाशी बांधून ठेवणारी होती.

त्यांतले पहिले कलम मनिऑर्डर. १८८० पासून टपालखात्याने चालवलेल्या या सोयीमुळे मुंबईचा पगार दर महिन्याला गावात पोचू लागला आणि रत्नागिरी जिल्हा, ज्यात तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही मोडत असे, या पैशावर इतका विसंबला की त्याच्या अर्थव्यवस्थेला पुढे मनिऑर्डरचेच नाव पडले. मंदीत धान्याचे भाव कोसळले तरी जमिनीचा सारा, म्हणजे सरकारला रोखीने भरावयाचा शेतसारा, त्या प्रमाणात कमी झाला नाही. पूर्वीइतकाच सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला अधिक भात विकावे लागे, आणि कोकणात विकण्याजोगे भात मुळातच थोडे. म्हणून मुंबईतला पगार आटत असतानाच गावाची रोख पैशाची मागणी वाढली. मनिऑर्डर थांबवणे म्हणजे जमिनीवरचा आणि भाऊबंदकीतला हक्क सैल करणे होते, आणि गिरणी बंद पडली तर आगबोटीने किंवा घाट चढून जायचे ते याच जमिनीकडे. गौरी-गणपती किंवा शिमग्याला गावी जाण्याचा खर्चही बाहेरच्याला हौस वाटला तरी याच हिशेबातला होता.

दुसरे कलम खानावळीचे. गावी बायकोमुले ठेवून आलेले पुरुष ज्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवत, तिच्या घराला खानावळ म्हणत, आणि अनेकदा ही बाई म्हणजे एखाद्या कामगाराची पत्नी किंवा विधवा असे. तिचा स्वतःचा माल वाण्याच्या उधारीवर येई आणि तिचे पैसे गिऱ्हाइकांच्या पगारावर अवलंबून असत. संपात किंवा बेकारीत ती काही काळ उधारीवर जेवू घाली, म्हणूनच पगार झाल्यावर तिची बाकी बुडवणे हे चाळीत तोंड न दाखवण्याजोगे मानले जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा खानावळीच्या या दुहेरी उधारीकडे संस्थात्मक पातळीवर लक्ष गेले.

तिसरे कलम कोणत्याही सरकारी कोष्टकात सरळ नावाने येत नाही. गिरणीत माणसे भरण्याचे काम मुकादमाकडे, म्हणजे जॉबरकडे असे आणि कामावर घेण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी त्याला जी रक्कम द्यावी लागे तिला दस्तुरी म्हणत. मंदीत कायम जागा कमी झाल्या आणि गैरहजर कामगाराच्या जागी रोजच्या रोज घेतला जाणारा ‘बदली’ कामगार वाढला, तेव्हा सकाळी फाटकावर उभ्या असलेल्या गर्दीतून आपल्याकडे बोट दाखवले जावे यासाठी मुकादमाची मर्जी राखणे अधिकच भाग पडले. मिळकत सर्वांत अनिश्चित असलेल्या माणसाला हा खर्च सर्वांत निश्चितपणे करावा लागे.

हे सर्व भागवताना पैसे कमी पडत, आणि मग कर्ज येई. १९२१-२२ मध्ये ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती व त्यांचे कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढे होते; व्याजाचा रूढ दर रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के होता. शाही मजूर आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या अहवालात बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोनतृतीयांश तरी कामगार कर्जबाजारी असल्याचा अंदाज दिला. पगाराच्या दिवशी फाटकावर उभ्या राहणाऱ्या पठाण सावकाराला मुद्दल परत मिळण्याची घाई नसे, व्याज मात्र हातोहात द्यावे लागे. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णमान सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि देशभर अडलेल्या घरांतील दागिने बाजारात येऊन सोने परदेशी जाऊ लागले. ज्या कामगार घरात चार गुंजा होत्या तेथे हा भाव सुटकेचा मार्ग ठरला, मात्र एकदाच वापरता येण्याजोगा.

कात्री लागली ती ज्या खर्चांना तगादा लावणारा कोणी नव्हता त्यांना. कपड्यांवरचा मासिक खर्च सुमारे ५ रुपयांवरून ३ रुपये १४ आण्यांवर आला; यात कापडाच्या स्वस्ताईचा भाग होताच, पण जुने लुगडे आणखी एक वर्ष चालवणे हा उपायही घराच्या हातातला होता. त्यातही विणकराची एक विचित्र अडचण अशी की विणताना खराब झालेले कापड मालक त्याच्या माथी मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापीत, त्यामुळे नको असलेले कापड विकत घेऊन ते मिळेल त्या भावाने विकण्याची पाळी त्याच्यावर येई. पगार मुदतीत देण्याचे आणि अशा कपातींना मर्यादा घालण्याचे बंधन १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने आणले. सर्वांत मोठी काटकसर मात्र कुटुंबच विभागण्याची होती : बायकोमुलांना गावी पाठवून पुरुषाने गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकली की शहरातला खर्च एकदम उतरे, आणि त्याचा भार गावातल्या स्त्रीच्या कष्टांवर पडे, ज्याची नोंद कोणत्याही पाहणीत झाली नाही.

निवडीची ही मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो या कारणावरून अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकामखात्यात प्रवेश नाकारला जाई, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कमी मजुरीच्या खात्यात अडकलेल्या आणि गावी बहुधा जमीन नसलेल्या या कुटुंबांना परत जाण्यासाठी शेतही नव्हते आणि सवर्णांच्या खानावळीचा आधारही नव्हता. त्यामुळे ज्या नात्यांवर इतरांनी मंदीत पैसे गुंतवले, ती नाती त्यांना आपल्याच वस्तीत, अधिक तुटपुंज्या साधनांवर उभी करावी लागली.

मंदीत झालेल्या या निवडीचे आयुष्य मंदीपेक्षा बरेच लांब ठरले. १९३२-३३ च्या पाहणीत जे वाटे आढळले त्यांच्या आधारे लेबर ऑफिसने जुलै १९३३ ते जून १९३४ हे पायाभूत वर्ष धरून राहणीखर्चाचा नवा निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तूंच्या किमतीतील चढउतार एका आकड्यात सांगणारे माप, तयार केला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर महागाई भत्त्याची मागणी पुढे आली, मार्च १९४० मध्ये गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला आणि त्यानंतर भत्ता या निर्देशांकाशी जोडला जाऊन पुढची दोन दशके त्यावर मोजला गेला. ज्या वर्षी घरांनी कपडा जुनाच चालवला होता, त्या वर्षीचे प्रमाण हे गरजेचे प्रमाण ठरले. आणि गावची मनिऑर्डर व कर्जाचे व्याज यांना बाजारभाव नसल्याने निर्देशांकात स्थानच मिळाले नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्र सरकारला या निर्देशांकाच्या तपासणीसाठी डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, यावरून त्या मोजमापाविषयीचा असंतोष किती वाढला होता हे लक्षात येते. टंचाईत माणसे काय टाळतात यावरून त्यांना कशाची गरज आहे हे ठरवले, तर टाळलेली गरज कागदावरून नाहीशी होते आणि मजुरी तेवढ्यापुरतीच बेतली जाते. गिरणगावच्या घरखर्चाच्या इतिहासातून निघणारा हा निष्कर्ष मंदीतल्या काटकसरीकडे पाहणाऱ्या प्रत्येक पाहणीला लागू पडतो.