हरणांच्या कुंपणात हरीण नाही

इ.स. ७५० च्या आगेमागे, कलत्या उन्हात तुम्ही चढ चढताय. थांग राजवटीची राजधानी छांगआन मागे वायव्येला राहिली. छिनलिंग पर्वताच्या पायथ्याचं हे वांग नदीचं खोरं. अधिकारी, चित्रकार आणि कवी असलेल्या वांग वेईची इथे वाडी आहे. त्यालाच भेटायचंय. तो दिसत नाही. झाडीपलीकडे कुणीतरी बोलतंय, शब्द कळत नाहीत. दिवसभर पानांनी अडवलेलं ऊन आता पश्चिमेकडून तिरपं, बुंध्यांमधून आत शिरतं आणि पायाशी शेवाळ उजळतं.

झालं, वांग वेईच्या ‘हरणांचं कुंपण’ या कवितेत एवढंच आहे.

हातातला कागद उघडा. २० अक्षरं, विरामचिन्ह एकही नाही. पाच-पाचवर तोडा, चार ओळी होतात. प्रत्येक ओळीत दोन अक्षरांनंतर किंचित थांबा, मग उरलेली तीन. पहिल्या दोन ओळींत डोळा हरतो, कान उरतो. पुढच्या दोन निव्वळ डोळ्यांच्या. तिसऱ्या ओळीत वळायचं ही या चरणचतुष्काची रीतच, पण इथे विचार वळत नाही, इंद्रिय बदलतं. यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीला. चिनी अक्षराला सूर असतो; नियमबद्ध कवितेत यमक सहसा सपाट सुराचं असतं; इथे चढत्या सुराचं आहे. म्हणजे साचा जुना, सैल.

आणि ‘मी’ कुठेय? चिनी वाक्याला कर्ता नसला तरी चालतं, वांग वेई ती सवलत पुरेपूर घेतो. कोण पाहतंय, कोण ऐकतंय, लिहिलेलंच नाही. ती जागा मोकळी आहे, म्हणून तर तुम्हाला इथे उभं राहता आलं.

मित्र पेई दीने याच ठिकाणावर लिहिलेली जोडकविता वाचा. तिच्यात एकटा वाटसरू आहे, हरणांच्या पाऊलखुणाही आहेत. वांग वेईच्या शीर्षकात हरणं, आत एकही नाही. पेई दीची कविता वाईट नाही; पण तो स्वतः आत आला आणि तुमच्यासाठी दार लागलं.

वांग वेई बौद्ध. त्याचं नाव आणि आदरार्थी दुसरं नाव जोडलं की बौद्ध सूत्रातल्या विमलकीर्तीचं चिनी नाव तयार होतं. त्यामुळे अभ्यासक कवितेतल्या डोंगराच्या रितेपणात शून्यता शोधतात, बुद्धाने पहिलं प्रवचन दिलं त्या सारनाथच्या मृगदावाचीही आठवण काढतात. काढू द्या. पण शेवाळ पुन्हा उजळलं, असं कवी सांगतो. त्या ‘पुन्हा’त तत्त्वज्ञानापेक्षा रोजचा रिवाज जास्त आहे, असं मला वाटतं.

निघा आता. दोघा मित्रांच्या २० ठिकाणांवरच्या कवितामालिकेतलं हे पाचवं. पुढचं कुंपण मॅग्नोलियाचं, आणि तिथेही ऊन उतरणीलाच लागलंय.