आमच्या वाड्याची तुळई

गेल्या महिन्यात गावाकडचा वाडा उतरवायला घेतला. पावसाळ्यात मागची भिंत बसली, इलाजच नव्हता. जुन्या लाकडाचा व्यापारी आला. टेप लावून खांब, तुळया, वासे मोजले आणि घनफुटावर भाव सांगितला. भाव चांगला होता. मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि ओट्यावर बसून राहिलो.

माजघरावरची तुळई अंगणात आडवी पडली होती. जन्मभर ती डोक्यावर होती, त्यामुळे तिची वरची बाजू कधी पाहिलीच नव्हती. खालची बाजू रंधा मारून गुळगुळीत केलेली. वर मात्र वाकसाचे घाव जसेच्या तसे, माशाच्या खवल्यांसारखे. जिथे कोणी बघणार नाही तिथे सुताराने श्रम वाचवले होते. माणूस भेटल्यासारखं वाटलं.

हे काम कसं चाले ते मी १९६० च्या सुमारास आमच्या गोठ्याच्या वेळी पाहिलंय. ओंडका उंचावर चढवायचा. गेरूच्या पाण्यात भिजवलेलं सूत त्यावर ताणून टिचकी मारली की सरळ लाल रेघ उमटे. मग एक जण वर, एक जण खाली, मध्ये उभी लांब करवत. वरच्याने रेघ सांभाळायची, खालच्याने डोळ्यांत भुसा घ्यायचा. दिवस मावळेपर्यंत मोजक्या फळ्या निघत. 'सूत' हे सुताराचं मापही, इंचाचा आठवा भाग. एवढ्या फरकाने सांधा बिघडे.

सांध्यात खिळा नाहीच. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला कुसू, वरून लाकडी खुंटी. छताचा भार खांब-तुळयांवर, भिंती नुसत्या मध्ये भरलेल्या. म्हणून भिंत बसली तरी माडी उभी राहिली. आणि म्हणूनच खुंट्या ठोकून काढल्यावर अख्खा सांगाडा सुटा झाला, लाकूड न फुटता. घर 'खणां'त मोजायची आपली रीतही या लाकडी सांगाड्यातूनच आलेली.

जुन्नर भागातल्या सागाची ख्याती मोठी. १० जानेवारी १७३० ला पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली, त्याचं सागवान जुन्नरच्या रानातलं, दगड चिंचवडचा आणि चुना जेजुरीचा, असं सांगतात. तो वाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये आगीत गेला. मागे राहिले ते दगडी चौथरे आणि तट. तशा कामाची नक्षी बघायची तर १८०७ च्या सुमाराच्या विश्रामबागवाड्यात जाऊन खांब बघावेत.

पण मला शिकवताना नेहमी अडवायचं ते रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५ च्या सुमाराचं. त्यात आरमारासाठी लाकूड कसं तोडावं हे सांगितलंय. साग लागेल तो हुजूरच्या परवानगीने तोडावा. आंबा-फणसाचं लाकूडही उपयोगी, पण त्याला हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. वर्गात मुलं विचारायची, "गुरुजी, राजाला कशाला विचारायला हवं?" मी म्हणायचो, म्हणून तर तो धडा आहे.

व्यापाऱ्याच्या हिशेबात घनफूट आहे. झाडाची वर्षं नाहीत, आणि करवतीखाली उभा राहिलेला माणूसही नाही. पण व्यापाऱ्याला कशाला बोल लावू? आमच्या घरच्या जुन्या वहीत वाडा बांधणाऱ्या आजोबांच्या आजोबांचं नाव आहे, खर्च आहे. सुताराचं नाव मात्र कुठेच नाही. बलुतं दिलं की हिशेब मिटला, असंच आपण धरून चाललो.

असो. पुतण्यांनो, भाच्यांनो, बाकीचं लाकूड विकू. वाटे सरळ होतील, माझी हरकत नाही. ही एक तुळई मात्र ठेवावी असं वाटतं. तिचा लांब बाक करून गावच्या शाळेच्या व्हरांड्यात ठेवू. बसायला गुळगुळीत बाजू वर, आणि वाकसाचे घाव खाली, न तासता. पोरं बाकाखाली हात घालतातच. त्यांच्या बोटांना ते लागतील.

व्यापारी येत्या रविवारी येणार आहे. त्याआधी कळवा.