तेर : भाजल्या मातीने राखलेला इतिहास

तेर हे नाव उच्चारताच आपल्या ज्ञातिबांधवांचे हात आपोआप जोडले जातात. संतश्रेष्ठ गोरोबाकाकांची ही कर्मभूमी. शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ साली, चैत्र वद्य त्रयोदशीस त्यांनी येथेच देह ठेवला, अशी परंपरा आहे. परंतु त्यांच्यापूर्वी हजाराहून अधिक वर्षे हे गाव थोर नगर म्हणून नांदत होते आणि त्या वैभवाची साक्ष कुंभारकामानेच राखली आहे, हे आपल्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी हे गाव वसले आहे. तेरणा मांजरेस मिळते व मांजरा गोदावरीस. भोवतालची भूमी काळी व कसदार. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘तगर’ नगराचा उल्लेख येतो. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून पूर्वेस तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असे ग्रंथकार सांगतो. तगरचे साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरी जाई. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे फ्लीट या संशोधकांनी १९०१ साली प्रतिपादिले. पुढे कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत.

ते कापड कुजून गेले, गाड्यांच्या चाकोऱ्या बुजल्या. उरले ते प्रामुख्याने भट्टीतून निघालेले. १९५८ साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले. तेरच्या पांढरीत खापरे, साच्यातून काढलेल्या पोकळ मृण्मूर्ती, रोमन धर्तीचे मातीचे दिवे अशा वस्तू मिळाल्या आहेत. त्रिविक्रमाचे प्राचीन देवालयही विटांचेच. मुळात तो बौद्ध चैत्य असावा, असे अभ्यासक मानतात.

असे का घडले, हे आपणांस निराळे सांगावयास नको. उन्हात वाळलेले मडके पाण्यात विरघळते. तेच आव्यात नीट भाजले की त्याचा पुन्हा चिखल होत नाही. थापटण्याने संतांची पारख करून नामदेवांस ‘कच्चे मडके’ ठरविणाऱ्या गोरोबाकाकांच्या कथेमागे हेच कारागिराचे ज्ञान आहे.

सातवाहनकालीन ते कारागीर आपलेच पूर्वज होते, असे पुराव्यावाचून म्हणणे योग्य नव्हे. त्यांची नावेही कोणी कोरून ठेविली नाहीत. तथापि चाक तेच, आवा तोच, आणि मातीचा कस जाणणारा हातही त्याच जातीचा. एवढे नाते आम्हांस पुरेसे वाटते.

तेरचेच रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या अशा असंख्य वस्तू आयुष्यभर वेचून जपल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका व्यक्तीने हे केले, तर संबंध समाजाने किती करावे! पांढरीची माती एकदा उपसली गेली, की तिच्यातील इतिहास पुन्हा भरून येत नाही. म्हणून यात्रेस जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास आमची विनंती आहे: समाधीचे दर्शन घेऊन मुलांना त्या संग्रहालयातही न्यावे. शेतात वा पायाच्या खोदकामात जुनी मूर्ती, नाणे वा नक्षीचे खापर आढळल्यास ते न विकता, न फेकता, संग्रहालयास कळवावे. आपल्या धंद्यास ज्यांनी कमी लेखिले, त्यांना याहून सबळ उत्तर आमच्यापाशी नाही.