रंगांचे पाठभेद

माझ्या मेजावर, शब्दकोशांच्या रांगेसमोर, दोन टायरॅनोसॉरस उभे आहेत. दोन्ही एकाच साच्यातून निघालेले. दात, कातडीवरच्या सुरकुत्या, पोटाखालची अक्षरे, सगळे सारखे. फरक फक्त रंगात. एकाच्या पाठीवरची गडद छटा मांडीपर्यंत उतरते, दुसऱ्याची बरगड्यांपाशीच थांबते. एकाचा डोळा नेमका खोबणीत बसला आहे. दुसऱ्याचा पिवळा ठिपका किंचित वर सरकल्यामुळे तो कायम छताकडे बघत असल्यासारखा दिसतो. संग्राहक अशा फरकाला ‘व्हेरिएशन’ म्हणतात. मला हस्तलिखितांच्या अभ्यासातला शब्द अधिक जवळचा वाटतो : पाठभेद.

या खेळण्यांचा आधुनिक इतिहास मात्र रंगाशिवायच सुरू होतो. न्यूयॉर्कच्या लुई मार्क्स कंपनीने १९५५च्या सुमारास प्लॅस्टिकचे डायनासोर बाजारात आणले. त्यांच्यावर छाप होती रुडॉल्फ झालिंगर यांच्या भित्तिचित्राची. येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयातले ११० फूट लांबीचे हे चित्र १९४७मध्ये पूर्ण झाले आणि १९५३मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने ते घरोघरी पोहोचवले. भिंतीवर रंगांची रेलचेल होती; खेळण्यात उतरला तो फक्त आकार. पोट सुटलेला, शेपूट जमिनीला टेकवून ताठ उभा राहिलेला टायरॅनोसॉरस मुलांच्या हाती आला तो सबंध राखाडी, सबंध हिरवा किंवा सबंध तपकिरी. भेद होता तो प्लॅस्टिकच्याच रंगाचा.

इंग्लंडमध्ये लेस्टरच्या इन्व्हिक्टा कंपनीने १९७४पासून लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी डायनासोर घडवले, तेही आधी एकरंगीच. एका परीने ही प्रामाणिक भूमिका होती. हाडांवरून आकार सांगता येतो, रंग सांगता येत नाही; मग जे ठाऊक नाही ते कशाला रंगवा? पण गिऱ्हाइकाला कोरी जागा रुचत नाही. पुढे त्याच साच्यांतल्या मूर्ती रंगवूनही विकल्या जाऊ लागल्या. १९८८मध्ये अमेरिकेतल्या सफारी कंपनीने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या सहकार्याने हाताने रंगवलेल्या डायनासोरांची मालिका सुरू केली. ती २०१५पर्यंत चालली. एवढ्या वर्षांत काही साचे नव्या रंगात पुन्हा आले, काही प्राणी नव्याने घडवले गेले.

संग्राहक या भेदांची प्रतवारी करतात. कंपनीने ठरवून बदललेला रंग वेगळा, कारागिराच्या हातामुळे पडलेला फरक वेगळा. उन्हात विटलेली मूर्ती वेगळी आणि कुणा मुलाने घरच्या रंगाने सजवलेली आणखी वेगळी. प्रतींचा अभ्यासक तरी दुसरे काय करतो? लेखनिकाने जाणून केलेला बदल, नजरचुकीने सुटलेले अक्षर, वाळवीने खाल्लेला कोपरा आणि समासात वाचकाने लिहिलेली टीप, यांना तो एका माळेत ओवत नाही.

पण चूक म्हणायची तर मूळ हवे. इथे मुळे दोन आहेत. कारखान्यात एक नमुना मूर्ती रंगवलेली असते. बाकी हजारो तिच्या नकला. वर पाहणारा माझा डोळा त्या नमुन्याच्या तुलनेत चुकलेला आहे. दुसरे मूळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नाहीसा झालेला तो प्राणी. त्याच्या तुलनेत नमुनाही अंदाजच. टायरॅनोसॉरसच्या कातडीचे ठसे सापडले आहेत, पण त्याचा रंग आजही कुणाला माहीत नाही.

काही प्राण्यांच्या बाबतीत मात्र २०१० साली मूळ संहितेचे एखादे पान हाती लागावे तसे झाले. चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या जीवाश्मांत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे मेलॅनोसोम, आढळल्या. लांबट पिशव्या काळपट रंगाच्या, गोलसर पिशव्या तांबूस रंगाच्या. त्यावरून शास्त्रज्ञांनी सांगितले की त्याच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते. त्याच वर्षी अँकिऑर्निसच्या डोक्यावरचा तांबूस तुरा कळला. २०१६मध्ये सिटॅकोसॉरसची पाठ गडद आणि पोट फिकट असल्याचे दिसले. दाट सावलीच्या जंगलात लपायला ते सोयीचे. त्याआधी या प्राण्यांना कुणी दुसऱ्या रंगात रंगवले असेल, तर ती मूर्ती एका दिवसात जुन्या आवृत्तीत जमा झाली. पण ती फेकून द्यावी असे मला वाटत नाही. त्या काळी काय माहीत होते आणि काय नव्हते, याचा तो पुरावा आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही जीवाश्मातून कळणार नाही. माझ्या दोन्ही मूर्तींच्या पोटाखाली कंपनीचे नाव आहे, वर्ष आहे आणि ‘चायना’ हा शब्द आहे. रंगवणाऱ्याचे नाव नाही. मोठे भाग मूर्तीवर झाकण ठेवून फवाऱ्याने रंगवतात. नखे, दात, डोळे यांसाठी बारीक कुंचला हाती घ्यावा लागतो. बहुधा पाळीच्या शेवटी, शेकडो डोळे रंगवून झाल्यावर, कुणाचा तरी हात केसभर हलला असेल. संग्राहक त्या केसभर फरकासाठी जास्त पैसे मोजतो. त्या हाताला त्यातले काही मिळत नाही.

वीस वर्षे भाषांतर करणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. मुखपृष्ठावर आमचेही नाव बहुतेकदा नसते. भाषांतर सुरळीत वाहिले की ते मूळ लेखकाचे, कुठे अडखळले की ते आमचे. आम्ही दिसतो ते चुकीतच. म्हणून त्या छताकडे बघणाऱ्या टायरॅनोसॉरसचा डोळा दुरुस्त करावा असे मला कधी वाटले नाही. दुसऱ्या मूर्तीत फक्त टायरॅनोसॉरस आहे. हिच्यात तो रंगवणारा माणूसही आहे.