चंडीपुरा : एका मेंदूज्वराची कुळकथा

रिसोड, मालेगाव, मानोरा या वाशीम जिल्ह्यातील तालुक्यांतच नव्हे, तर सबंध वऱ्हाडात पांढरीच्या मातीने बांधलेल्या जुन्या घरांच्या भिंतींना ज्या भेगा पडतात, त्या भेगांच्या अंधाऱ्या, किंचित ओलसर आश्रयात राहणाऱ्या एका क्षुद्र कीटकाशी विदर्भातील लेकरांच्या एका दारुण व्याधीचे कुळ निगडित आहे.

1952 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पुण्यास विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. 1957 साली शिमोग्याकडील क्यासनूर अरण्यात माकडे पटापट मरू लागली, तेव्हा गोचिडीमार्फत माणसास जडणारा आणि रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराचा सगोत्र असलेला विषाणू याच केंद्राने हुडकून काढला. पुढे 1965 साली नागपूर भागात ज्वराची साथ चालू असता चंडीपुरा या गावच्या दोघा रुग्णांच्या रक्तातून याच केंद्रातील भट व रॉड्रिग्ज या संशोधकांनी एक अपरिचित विषाणू वेगळा केला. आकाराने बंदुकीच्या गोळीसारखा आणि घराण्याने रेबीजचा भाऊबंद असूनही, तो सापडला साध्या तापाच्या रोग्यांत. म्हणूनच त्याच्या नावाची नोंद दप्तरी झाली खरी, परंतु त्याची धास्ती कोणी घेतली नाही.

हा विषाणू पुढे औरंगाबादकडील वाळूमाश्यांतही आढळला. भिंतींच्या भेगांत राहणारा तो कीटक हाच. ही माशी डासाहून पुष्कळ लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, अंगावर केसाळ लव असलेली. बसली म्हणजे पंख उभे धरते, उडण्यापेक्षा टुणटुण उड्याच अधिक मारते, आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत शिरते. चावते ती मादी, बहुधा रात्री, आणि तीही गुणगुणल्यावाचून, त्यामुळे आईला चाहूलसुद्धा लागत नाही.

2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशातील 329 मुले या विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या व्याधीने ग्रस्त झाली व त्यांपैकी 183 दगावली, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रातही ती प्रकट झाली, तेव्हा कुठे अडतीस वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीचे गांभीर्य सर्वांस उमगले. सकाळी खेळणारे मूल तापाने फणफणावे, त्यास झटके यावेत, शुद्ध हरपावी आणि दोन दिवसांच्या आत सारे आटोपावे, असा या व्याधीचा वेग आहे. 2007 साली नागपूर विभागात आणि 2024 साली गुजरातेत ती पुन्हा उद्भवली. आजही तिच्यावर खात्रीचे औषध नाही, लसही नाही.

मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांचा विचार मला अधिक व्याकूळ करतो. डासांमार्फत येणाऱ्या जपानी मेंदूज्वरात तर बचावलेल्यांपैकी 30 ते 50 टक्के रुग्णांना कायमचे व्यंग राहते: कोणाचे एक अंग लुळे पडते, कोणास फेफरे येते, कोणाची वाचा अडखळते, कोणी शाळेत पाढे विसरू लागते. रुग्णालयाच्या लेखी असे मूल ‘बरे होऊन घरी गेले’ या सदरात जमा होते. पुढची वर्षानुवर्षांची शुश्रूषा मात्र एकट्या आईच्या माथी येते. सरकारी तक्त्यांत रुग्ण व मृत्यू या रकान्यांशेजारी या मुलांसाठी तिसरा रकाना असावा आणि तो आशाताईंच्या भेटींनी वर्षानुवर्षे भरला जावा, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.

मुळात ही व्याधी टाळण्याचे उपाय सोपे आहेत. वाळूमाशी फार उंच उडत नाही. म्हणून भिंतीचा खालचा भाग लिंपून भेगा बुजवणे, गोठ्यातला शेण-कचरा घरापासून दूर नेणे आणि पावसाळ्याच्या तोंडी फवारणी करून घेणे, एवढे उपाय वऱ्हाडातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहेत.